देवरीहून समुद्र कोणत्या दिशेला?

"समुद्र पाहायचा आहे, रेल्वेनेच जायचे आहे आणि वाटेत डोंगर-बोगदेही हवेत. देवरीहून कुठे जावे?" सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या भागात हा प्रश्न हमखास निघतो. उत्तरही ठरलेले असते. गोंदियाला विदर्भ एक्स्प्रेस पकडा, मुंबई गाठा आणि तिथून कोकण रेल्वेने रत्नागिरीला किंवा गोव्याला जा. कोकण रेल्वेचा प्रवास सुंदर आहे, याबद्दल वादच नाही. पण या उत्तरात देवरीकरांचा स्वतःचा समुद्र राहून जातो. तो पूर्वेला आहे.

नकाशावर पट्टी ठेवून पाहा. देवरीहून मुंबई सरळ रेषेत आठशे किलोमीटरच्या पुढे भरते. विशाखापट्टणम मात्र पाचशे किलोमीटरच्या आत आहे. रेल्वेच्या मार्गानेही हिशेब तोच राहतो. गोंदिया ते मुंबई साडेनऊशे किलोमीटरहून अधिक, तर गोंदिया ते विशाखापट्टणम, रायपूर-टिटलागढ-रायगडा मार्गे, साधारण सातशे. शिवाय या वाटेवर पूर्व घाट ओलांडावा लागतो. म्हणजे प्रश्नातल्या तिन्ही अटी पूर्ण होतात.

या प्रकरणात तो प्रवास आपण करणार आहोत. पण वाटेत काय दिसते याची यादी करण्यापेक्षा, गाडी डोंगर चढते कशी आणि उतरते कशी हे समजून घेत गेलो तर खिडकीतून दिसणारी प्रत्येक गोष्ट वेगळी दिसू लागते.

१. पाणी आधी पोहोचते

देवरी तालुक्यातल्या चिचगडकडच्या डोंगरात बाघ नदी उगम पावते. सिरपूर धरण याच नदीवर आहे. बाघ पुढे वैनगंगेला मिळते. वैनगंगेला वर्धा भेटली की त्या प्रवाहाचे नाव प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. देवरीच्या कौलांवरून ओघळलेला पाऊस अरबी समुद्राकडे कधी जातच नाही.

आता एक कल्पना पक्की करून घेऊ, कारण पुढे ती वारंवार लागेल. एखाद्या डोंगररांगेच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन बाजूंना वाटला जातो. अलीकडचे पाणी एका नदीला, पलीकडचे दुसऱ्या नदीला. या माथ्याला जलविभाजक म्हणतात. एका नदीला जेवढ्या प्रदेशातले पाणी मिळते ते तिचे खोरे. नदी स्वतःचा जलविभाजक कधी ओलांडत नाही. रेल्वेला मात्र तो ओलांडावाच लागतो आणि तिथेच घाट, बोगदे आणि जास्तीची इंजिने यांचा संबंध येतो. प्रवासात बोगदा आला की समजावे, बहुधा आपण एका नदीचे घर सोडून दुसरीच्या घरात शिरतो आहोत.

याचे पहिले उदाहरण पाहायला लांब जायला नको. ते गोंदिया जिल्ह्यातच आहे.

२. दरेकसा

आमगावहून पूर्वेकडे निघालेली गाडी सालेकसा ओलांडते आणि दोन्ही बाजूंचे जंगल जवळ येऊ लागते. पुढचे स्टेशन दरेकसा. आपल्याकडच्या लोकांना हे नाव कचारगडमुळे माहीत असते. माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा इथल्या गुहांमध्ये भरते आणि अनेक राज्यांतून भाविक याच स्टेशनावर उतरतात. दरेकसा सोडले की चढ लागतो, मग बोगदा, आणि पलीकडे छत्तीसगडमधले बोरतलाव. त्यानंतर डोंगरगड, बमलेश्वरीच्या टेकडीसह.

हा डोंगर म्हणजे जलविभाजक. दरेकशाच्या बाजूचे पाणी वैनगंगेमार्गे गोदावरीला जाते. डोंगरगडच्या बाजूचे शिवनाथ नदीत आणि तिथून महानदीत. बोगद्याच्या अंधारात आपण गोदावरीचे खोरे सोडून महानदीच्या खोऱ्यात येतो. रोज शेकडो प्रवासी हे करतात आणि नेमके त्याच वेळी मोबाइलची रेंज का गेली म्हणून खिडकीबाहेर पाहतात!

ही वाट जुनी आहे. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर-छत्तीसगड रेल्वे या नावाने इथे मीटरगेज लोहमार्ग आला. छत्तीसगडचा तांदूळ आणि गहू बाहेर काढणे हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला. आज हाच मुंबई-हावडा मुख्य मार्ग आहे.

३. चढ कसा मोजतात?

घाटात रुळाच्या कडेला छोट्या पाट्या दिसतात. त्यांवर एक आकडा असतो, ६० किंवा १००. रेल्वेत चढ असा सांगतात: १:१०० म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. एक किलोमीटर गेलो तर दहा मीटर, म्हणजे तीन मजल्यांची इमारत. खालचा आकडा जितका लहान, तितका चढ खडा.

आता काही खरे आकडे. कोकण रेल्वे बांधताना १:१५० पेक्षा खडा चढ ठेवायचा नाही असे ठरले होते. विदर्भ एक्स्प्रेस इगतपुरी ते कसारा ज्या थळ घाटातून उतरते, तिथला चढ १:३७ आहे. बोरघाटातही तेवढाच. परतीच्या प्रवासात कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून बँकर इंजिने लागतात, ती या १:३७ साठीच. ज्या मार्गाने आपण पुढे विशाखापट्टणमहून डोंगरातल्या अरकूला जाणार आहोत, तिथे तो १:६० आहे.

मोटारीने घाट चढणाऱ्याला हे आकडे क्षुल्लक वाटतील. रस्त्यावर १:२० चा चढ सहज असतो. मग रेल्वेलाच एवढी नाजूक काळजी का?

४. लोखंडावर लोखंड

रेल्वेची सगळी ताकद आणि सगळी दुर्बलता एकाच गोष्टीत आहे: पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते. चाक आणि रूळ यांचा प्रत्यक्ष स्पर्श नखाएवढ्या जागेवर होतो आणि दोघेही फारसे दबत नाहीत. त्यामुळे एक टन वजन सपाट रुळावर चालते ठेवायला तीन ते पाच किलो वजनाइतकी ओढ पुरते. रबरी टायरला याच्या कितीतरी पट लागते. म्हणूनच कोळसा आणि लोहखनिज रेल्वेने न्यायला परवडते.

पण चढ आला की चित्र पालटते. १:६० चा चढ म्हणजे एक टन वजनाला मागे खेचणारी सोळा-सतरा किलोची जास्तीची ओढ. हजाराला साठने भागा, उत्तर तेच येते. १:३७ वर ती सत्तावीस किलो होते आणि १:२० वर पन्नास. डोळ्यांना न जाणवणारा चढसुद्धा इंजिनाला पाचपट ओझे देतो.

दुसरी अडचण पकडीची. इंजिनात कितीही अश्वशक्ती असो, चाक जागच्या जागी फिरू लागले तर ती वाया जाते. कोरड्या रुळावर चाकाची पकड इंजिनाच्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश धरता येते. आता छोटे गणित करू. इंजिन १२० टनांचे, म्हणजे ओढ फार तर ३० टन, ३०,००० किलो. सपाट रुळावर टनामागे ४ किलो धरले तर हे इंजिन ७,५०० टन ओढू शकते. १:६० वर टनामागे सुमारे २० किलो लागतात, म्हणून १,५०० टन. १:३७ वर ३१ किलो, म्हणजे हजार टनांहूनही कमी. आणि १:२० वर ५४ किलो, म्हणजे साडेपाचशे टन, त्यात इंजिनाचे स्वतःचे वजन आलेच. रस्त्याच्या चढावर रेल्वे का चालवत नाहीत, त्याचे उत्तर या चार भागाकारांत आहे.

पावसाने रूळ ओले झाले, त्यावर पाला पडून चिकटला, की पकड आणखी घटते. म्हणून इंजिनात कोरड्या वाळूच्या पेट्या असतात आणि घसरण जाणवली की चाकापुढे वाळू सोडली जाते. शे-दीडशे वर्षे झाली, वाफेचे इंजिन गेले, डिझेल आले, वीज आली, वाळू राहिली.

५. लांबची वाट हीच जवळची

चढ हलका ठेवायचा आणि उंची तर गाठायचीच आहे. मग एकच उपाय उरतो, वाट लांबवायची. जंगलातून मोळी घेऊन येणारी बाई टेकडी कधी नाकासमोर चढत नाही. ती तिरकी जाते, वळते, पुन्हा तिरकी जाते. डोक्यावरचे ओझे जेवढे जड तेवढी तिची वाट लांब. रेल्वेचे इंजिनिअर नेमके हेच करतात.

विशाखापट्टणमजवळच्या कोत्तवलसा स्टेशनापासून अरकूमार्गे बस्तरमधल्या किरंदुलपर्यंत जाणारा मार्ग याचा उत्तम नमुना आहे. घाट बोड्डवरा स्टेशनापासून सुरू होतो. माथ्यावरचे शिमिलीगुडा स्टेशन समुद्रसपाटीपासून सुमारे ९९६ मीटरवर आहे. मार्ग झाला तेव्हा ते ब्रॉडगेजवरचे जगातले सर्वांत उंच स्टेशन मानले जाई. भारतात तर ते कितीतरी वर्षे तसेच राहिले. चढायची उंची ढोबळमानाने ९०० मीटर धरा. १:६० ने चढायचे तर ९०० गुणिले ६०, म्हणजे ५४ किलोमीटर रूळ हवेच. डोंगराचा पायथा ते माथा एवढे अंतर सरळ मिळत नाही. म्हणून गाडी एका खोऱ्याच्या कडेकडेने आत जाते, वळसा घेते, समोरच्या उतारावरून परत येते. खिडकीतून खाली पाहिले तर मघाशी ओलांडलेला पूल दिसतो. डोंगराची सोंड आडवी आली आणि वळसा घालायला जागा नसली तरच बोगदा खणायचा. कोत्तवलसा ते किरंदुल या साधारण ४४५ किलोमीटरमध्ये असे ५८ बोगदे आहेत.

वळणावर चाके किंचाळतात, ते का? डब्याची दोन्ही बाजूंची चाके एकाच कण्यावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे दोन्ही सारखेच फेरे घेतात. वळणावर बाहेरच्या रुळाची वाट मात्र लांब असते. चाकाचा काठ थोडा निमुळता ठेवून हा फरक बराचसा भरून काढतात. तीव्र वळणावर तो भरून निघत नाही आणि चाक रुळावर घासते. अरकूच्या घाटात हा आवाज सतत सोबत असतो.

६. हा मार्ग कोणासाठी झाला?

पर्यटकांसाठी नाही, हे स्वच्छ सांगायला हवे. किरंदुलजवळच्या बैलाडिलाच्या डोंगरातले लोहखनिज विशाखापट्टणम बंदरातून जपानला पाठवण्यासाठी १९६० च्या दशकात हा लोहमार्ग बांधला गेला. घनदाट जंगल, मलेरिया, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी, यांतून मजुरांनी तो नेला. आजही घाटात आपली गाडी बाजूला थांबवून खनिजाच्या मालगाड्या पुढे सोडतात. लोक वैतागतात. मला वाटते, तो वेळ त्या मालगाड्या पाहण्यात घालवावा, कारण या डोंगरांची खरी गोष्ट त्याच सांगतात.

उतरण्याचे शास्त्रही त्यांच्यामुळेच कळते. चढ हा कष्टाचा भाग, पण धोका उतारात. एक टन वजन ९०० मीटर खाली आले की जवळपास अडीच युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. पाच हजार टनांची भरलेली मालगाडी उतरली तर सव्वाबारा हजार युनिट. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घराला ही वीज जवळजवळ सात वर्षे पुरेल. ही सगळी ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. नुसत्या ब्रेकने गाडी धरली तर ती चाकांत आणि ब्रेकच्या ठोकळ्यांत उष्णता बनून जाते आणि जास्त तापलेले ब्रेक पकड सोडतात. म्हणून घाट उतरण्याआधी ब्रेक तपासतात, वेग बांधून देतात. थळ घाट आणि बोरघाटात तर उतारावर सुटलेली गाडी वळवून चढावर घालता यावी म्हणून खास फाटे काढलेले आहेत. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात.

विजेच्या इंजिनाने याहून चांगला मार्ग दाखवला. उतारावर त्याच्या मोटारी उलट काम करतात: चाके मोटार फिरवतात, मोटार वीज बनवते आणि ती वरच्या तारेत परत जाते. त्या तारेवरून दुसरी एखादी गाडी चढत असेल तर ती वीज तिला मिळते. खनिज वाहणाऱ्या या मार्गावर भरलेल्या गाड्या खाली येतात आणि रिकाम्या वर जातात, म्हणून इथे ही सोय फारच फायद्याची.

७. दोन घाट, दोन स्वभाव

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला पूर्व घाट आधी विस्कळीत वाटतो. सह्याद्रीचा काळा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून, थरावर थर साचून बनला. पश्चिमेला त्याचा सलग कडा आहे, म्हणून घाटमाथा आणि कोकण असे दोन जग एका झटक्यात बदलते. पूर्व घाटाचे खडक त्याहून कितीतरी जुने, काही तर शंभर कोटी वर्षांच्या घरातले. पृथ्वीच्या पोटात भाजून आणि दाबून बनलेले. इतक्या काळात गोदावरी, महानदी, कृष्णा यांनी ही रांग ठिकठिकाणी तोडली. इथे एक कडा उतरून समुद्र येत नाही. डोंगर येतात, सपाटी येते, पुन्हा डोंगर येतात.

बोगद्याच्या तोंडाशी गाडी हळू झाली तर कापलेल्या खडकाकडे बघा. तो तांबूस-तपकिरी, गंजल्यासारखा दिसतो आणि त्यात मसुराएवढे लालसर ठिपके असतात. ते गार्नेट. या खडकाला खोंडलाइट म्हणतात. पुरी आणि कोणार्कची मंदिरे बांधायला हाच दगड वापरला आहे.

बोर्रा गुहालू स्टेशनाजवळ मात्र चुनखडी आहे आणि गोस्थनी नदीच्या पाण्याने ती विरघळवून प्रचंड गुहा कोरल्या आहेत. रेल्वे या गुहांच्या वरून जाते. गोस्थनी इथून थेट खाली उतरून भीमुनिपट्टणमजवळ समुद्राला मिळते. माथ्यापलीकडे जगदलपूरची इंद्रावती मात्र पश्चिमेकडे वळून गोदावरीला जाते, आपल्या बाघ नदीच्या पाण्याला भेटायला. पहिल्या भागातला जलविभाजक इथे पुन्हा भेटला.

८. प्रत्यक्ष जायचे कसे?

सरळ मार्ग समता एक्स्प्रेसचा. दिल्लीहून निघालेली ही गाडी नागपूर, गोंदिया, रायपूर, टिटलागढ, रायगडा करत विशाखापट्टणमला जाते. गोंदियाला ती रात्री येते आणि डोंगर दिवसाउजेडी लागतात, हे भाग्यच. दुसरा पर्याय देवरीहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने दुर्ग गाठण्याचा. सप्टेंबर २०२४ पासून दुर्ग-विशाखापट्टणम वंदे भारत सुरू आहे. ती पहाटे निघते आणि दुपारी पोहोचवते. वेळ कमी असेल तर ती ठीक. पाहायचे असेल तर समता.

रायपूर ते विजयनगरम हा मार्ग १९३१ मध्ये पूर्ण झाला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणम बंदर खुले झाले. दोन्ही एकमेकांसाठीच होते: मध्य भारताला पूर्वेचा दरवाजा हवा होता. केसिंगाला तेल नदी ओलांडली की काही वेळाने महानदीचे खोरे संपते. मुनिगुडाच्या परिसरात नियमगिरीचे डोंगर दिसतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांसमोर ठेवायला सांगितले आणि डोंगरिया कोंध आदिवासींच्या भागातल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. वनहक्काचे दावे ज्या तालुक्यात घरोघरी माहीत आहेत, त्या देवरीच्या माणसाने हे डोंगर ओळखून ठेवावेत. रायगडाला नागावली नदी भेटते, पार्वतीपुरमनंतर ताडाची झाडे वाढतात आणि हवा दमट होते.

विशाखापट्टणमला एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळच्या किरंदुल गाडीने अरकूला जावे. वर जाताना घाट सकाळच्या उजेडात मिळतो. किरंदुलहून परतणारी दिवसाची गाडी घाटात येईपर्यंत हिवाळ्यात अंधारून येते. काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा देशात सर्वांत आधी याच मार्गावर, एप्रिल २०१७ मध्ये आला, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना. त्याचे तिकीट महाग आहे. साध्या डब्यात दाराजवळची खिडकी मिळाली तर मी तीच घेईन, कारण बोगद्यातला थंड वारा आणि ओल्या दगडाचा वास काचेआड मिळत नाही. दारात मात्र उभे राहू नये. बोगद्याच्या भिंती फार जवळून जातात.

विशाखापट्टणम शहरात डोंगर थेट समुद्रात शिरलेला पाहायचा असेल तर डॉल्फिन्स नोज. हे भूशीर लाटा आणि वारा अडवते, म्हणून त्याच्या आडोशाला बंदर वसवता आले. रामकृष्ण बीचवर कुरसुरा ही नौदलाची निवृत्त पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे आणि आत शिरून पाहता येते. याच किनाऱ्यावर पाण्याचा आतला ओढा जोरदार असतो. तळ्यात-नदीत पोहणाऱ्यांनीही इथे गुडघ्यापुढे जाऊ नये.

हंगाम निवडताना दोन गोष्टी पाहा. भर पावसात घाटात दरडी येतात आणि गाड्या रद्द होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे उठतात; १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुदने या शहराची दाणादाण उडवली होती. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. धानाची कापणी-मळणी उरकलेली असते, अरकूला चांगली थंडी पडते आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर तिथल्याच डोंगरात पिकलेली कॉफी मिळते.